सप्ता पंचवीस, कंसात दोन

सर्वण, डिचोली
शुक्रवार

तीर्थरूप विठ्ठलमामांस,

सर्वणहून भाची सुमंगला हिचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावर सोपा जातो. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, म्हणून कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) आम्ही इकडे सगळी बरी आहोत. तुमचा गुडघा कसा आहे, खोकला उतरला का, आणि माकडांनी यंदा नारळ ठेवले की तेही नेले, ते कळवावं. पाकीट बघून तुम्हाला वाटेल की कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. मी हे व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिणार होते, पण सप्त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आपल्या घरच्यांचा गट सोडलात, आणि सोडण्याआधी नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलंत, त्यामुळे पणजीच्या मावशीला तर तुम्हीच गेलात असं वाटलं आणि ती टॅक्सी ठरवायला निघाली होती. फोन करावा तर तुम्ही उचलत नाही, आणि उचलला तर 'बुवा घरात नाहीत' असं तुमच्याच आवाजात सांगता. तो आवाज इब्रामपुरापासून धारगळपर्यंत भजनात सगळ्यांनी ऐकलेला आहे, मामा. तो लपत नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. दिवेलागणीची पाळी तुमची असं आम्हीच कळवलं, तुम्ही पांढरे शर्ट इस्त्री करून, सगळी मंडळी पिकअपमध्ये बसवून, पेटीला चादर गुंडाळून सर्वणला आलात, आणि देवळात पाय ठेवला तर समईभोवती धारगळचं मंडळ मांडी घालून गात बसलेलं. असा अपमान शत्रूचासुद्धा करू नये, आणि तुम्ही तर माझ्या आईचे भाऊ. तुमचं म्हणणं (स्वप्नीलने सांगितलं, त्याच्यावर रागावू नका, पखवाज वाजवणाऱ्याच्या पोटात काही राहत नाही) की हे सर्वणकरांनी मुद्दाम केलं. मुद्दाम काही करायला अंगात थोडी शिस्त लागते, मामा. ती आमच्या देवस्थानच्या कमिटीत कोणाकडे आहे ते मला दाखवा. झालं काय ते मी पहिल्यापासून लिहिते. मध्येच चिडून पान उलटू नका, कारण पुढे एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या घरातली असून तुम्हाला ठाऊक नाही.

आमचा सप्ता नावाला सप्ता, पण चालतो एक दिवस आणि एक रात्र. एवढ्या वेळात समईसमोरचा सूर तुटू द्यायचा नाही, एका मंडळाने ओळ सोडायची ती दुसऱ्याने उचलल्यावरच, हा त्याचा एकच नियम. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे पोदेराला पाव कसा भाजतात ते सांगण्यासारखं आहे, पण पुढचं सगळं ह्याच एका नियमामुळे घडलं, म्हणून लिहिलं. कोणत्या मंडळाची पाळी केव्हा, हा तक्ता पूर्वी देवळाच्या भिंतीवर खडूने लिहीत. मग आमचे हे, म्हणजे तुमचे जावई कृष्णनाथ, कमिटीचे सेक्रेटरी झाले. (त्यांचे ट्रक खाण बंद झाल्यापासून अंगणात उभे आहेत, आणि रिकाम्या माणसाला आमच्या गावात लगेच देवाच्या कामाला लावतात.) त्यांची सही चांगली आहे, एवढ्यावर ते सेक्रेटरी. बाकीचं काम घरात माझ्याकडे आलं, कारण मी कचेरीत जन्मभर कॉम्प्युटरवर तक्तेच केले. तेव्हा भिंत गेली आणि एक्सेल आलं. एक्सेलमध्ये तळाला चिठ्ठ्यांसारखी नावं असतात, एकेक चिठ्ठी म्हणजे एकेक कोरा तक्ता, त्याला शीट म्हणतात. एक चिठ्ठी एका वर्षाच्या सप्त्याची. नवीन वर्ष आलं की मी सगळं पुन्हा लिहीत बसत नाही. गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर उंदराचं उजवं बटण दाबायचं, 'मूव्ह ऑर कॉपी' म्हणायचं, खालच्या चौकटीत बरोबरची खूण करायची आणि ओके. जुना तक्ता जागच्या जागी राहतो आणि शेजारी हुबेहूब तसाच दुसरा उभा राहतो. नाव तेवढं कॉम्प्युटर आपल्या मनाने देतो, जुनंच नाव आणि पुढे कंसात दोन. ते आपण बदलायचं. ती चौकटीतली खूण विसरलात तर प्रत निघत नाही, जुनाच तक्ता जागा बदलून बसतो, आणि तुम्ही त्याच्यावरच नवीन वर्ष लिहून मोकळे होता. जावयांनी एकदा असा एक अख्खा सप्ता पुसलेला आहे. तेव्हापासून ते प्रत्येक गोष्टीची आधी प्रत काढतात. परवा त्यांनी विजेच्या बिलाचीही काढली.

प्रत काढण्यात सोय आहे तशी एक खोडही आहे, की चांगल्याबरोबर वाईटही उतरतं. आमच्या तक्त्यात चहाच्या कपांचा आकडा आपोआप येतो, पण तो कधीतरी पहिल्या वर्षीच्या चिठ्ठीतून यायला सांगितलेला होता, आणि प्रतीची प्रत काढली तरी तो अजून त्याच पहिल्या वर्षाकडे बघतो. त्यामुळे सर्वणात माणसं कितीही येवोत, चहा त्या वर्षीच्याच माणसांना पुरतो. दुसरं, तुमची पाळी. इब्रामपूरच्या मंडळाला कोणीतरी कधीतरी दुपारी जेवणानंतरची पाळी दिली आणि ती दर वर्षी तशीच उतरत गेली. ती पाळी म्हणजे काय ते तुम्ही भोगलेलं आहे. दुपारी भात जेवून झाल्यावर आपल्या लोकांना कोणी उठवू शकत नाही. यमसुद्धा चारनंतर येतो. तुम्ही तिथे जीव ओतून गाताय आणि समोर श्रोता म्हणून एक समई, एक मांजर आणि खांबाला टेकून घोरणारा कमिटीचा खजिनदार. तुम्ही कुरकुर केलीत, ती मी यंदा बैठकीत मांडली, आणि अध्यक्ष दत्तप्रसादबाब म्हणाले की बुवांचं वय झालं, त्यांना द्या दिवेलागणीची. ('वय झालं' हे त्यांचे शब्द, माझे नव्हेत.) धारगळच्या शंभूबुवांचं मंडळ दिवेलागणीला असायचं, त्यांना दुपारी घ्यायचं ठरलं. एवढा साधा बदल.

आता ऐका. बैठकीच्या आधीच मी यंदाची चिठ्ठी तयार केली होती, नाव 'सप्ता २५'. दत्तप्रसादबाबना चष्मा न लावता वाचता यावं म्हणून जावयांनी तिची आणखी एक प्रत काढून अक्षरं मोठी केली. तिचं नाव पडलं 'सप्ता २५ (२)'. ते त्यांनी बदललं नाही. बैठक झाल्यावर घरी येऊन मी 'सप्ता २५' मध्ये तुमची आणि धारगळची अदलाबदल केली. मोठ्या अक्षरांच्या प्रतीला हात लावला नाही, कारण ती आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मग जावई मेजाशी बसून एका बोटाने सगळ्या मंडळांना निरोप धाडू लागले. सुरुवात तुमच्यापासून केली, मान म्हणून. तो निरोप बरोबर गेला. तेवढ्यात वीज गेली. वीज आल्यावर त्यांनी कॉम्प्युटर उघडला तर समोर मोठ्या अक्षरांची प्रत आली, ती त्यांच्या डोळ्यांना बरी वाटली, आणि बाकीचे सगळे निरोप तिच्यातून गेले. त्या प्रतीत धारगळ अजून दिवेलागणीलाच होतं. म्हणजे दिवेलागणीला तुम्हीही आणि तेही, आणि दुपारी कोणीच नाही. चूक कोणाची यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक चुकीचं.

सप्त्याच्या दिवशी सकाळ चांगली गेली. मामी नेहमीप्रमाणे सकाळच्या बसने पुढे आल्या आणि रांधपात, देवळामागच्या चुलींपाशी, शिरल्या. पंगत उठली, भाज्यांचं खतखतं पोरांच्या वाट्याचं तेवढं राहिलं, गाव निजायला गेला, आणि आम्ही बायका देवळामागच्या पडवीत टोप घासत बसलो. समईसमोर आमच्या वाड्यावरच्या पोरांचं मंडळ होतं, त्यांचा म्होरक्या सिद्धेश. त्यांची पाळी संपत आली तरी धारगळकरांचा पत्ता नाही. पोरं उपाशी. वास तर मागून येतच होता. त्यांतला एकेक जण टाळ खाली ठेवून पानावर बसायला सटकला, शेवटी पेटीवालाही गेला, आणि सिद्धेश एकटा तीच एक ओळ दाराकडे डोळे लावून म्हणत राहिला. मी समईत तेल घालायला गेले तर त्याने मला बघितलं. थांबता तर येत नव्हतं. तेव्हा त्याने त्याच चालीत, हात जोडून, अगदी भक्तिभावाने म्हटलं, "सुमंगलावहिनी, धारगळकार खंय उरले." मला आधी वाटलं अभंगच आहे. मग माझं नाव अभंगात असण्याचं काही कारण नाही हे लक्षात आलं. मीही त्याच चालीत म्हटलं की फोन करून बघते. त्यावर त्याने दुसरं कडवं घेतलं, "बेगीन करा, भूक लागल्या." मामा, सूर त्याने तेव्हाही सोडला नाही. पोरगा चांगला आहे, त्याला पुढे शिकवा.

मी बाहेर येऊन शंभूबुवांना फोन लावला. ते गाढ झोपेतून म्हणाले, "आमकां दिवेलागणीची दिल्या मगो, हो पळय मेसेज," आणि फोन परत उशीखाली गेला असावा, कारण नंतर नुसतं घोरणं ऐकू आलं. तुम्हाला लावला, तुमचा बंद. जावई घरी झोपलेले, त्यांना उठवायला शेजारच्या श्रद्धाला धाडलं, तर ते उठून बसले, 'बघतो' म्हणाले आणि बसल्या जागी परत झोपले. वाड्यावरची दारं वाजवली. कुत्र्यांनीसुद्धा डोळा उघडला नाही. तेवढ्यात आतून सिद्धेशचा आवाज फाटला. मी पडवीत धावत गेले आणि बायकांना म्हटलं, "भजन बंद पडतां गो." सगळ्यांचे हात राखेत तसेच थांबले. बायकांनी सप्त्याच्या समईसमोर बसायची आमच्या देवळात रीत नाही. बाहेर फुगडी घालावी, धालो खेळावेत, आत बसून पाळी घेणं नाही. कोणी नको म्हटलेलं नाही, पण कोणी कधी बसलेलंही नाही, आणि आमच्याकडे नियमापेक्षा ते जास्त जड असतं. श्रद्धा म्हणाली सून म्हणून माझं नाव निघेल. सेजल म्हणाली मला येतच नाही. माझा तर प्रश्नच नव्हता, कारण माझा सूर तुम्ही लहानपणीच ऐकून मला तेल घालायच्या कामावर लावलेलं आहे.

मामी उठल्या. पदराला हात पुसले, आत गेल्या, सिद्धेशच्या समोर बसल्या आणि त्याच्या तोंडची ओळ उचलली. सिद्धेश असा पळाला की त्याची एक चप्पल अजून देवळाच्या पायरीवर आहे.

मामा, मामींना गाताना तुम्ही कधी ऐकलंय का? मी विचार केला तर मला आठवत नाही. आवाज मोठा नाही, पण खाली घट्ट बसलेला आहे, पाटा बसतो तसा. आम्ही हळूहळू आत जाऊन मागे बसलो. टाळ पोरांनी ठेवलेलेच होते, आणि सेजलने घासलेला भाताचा टोप आणून उपडा मांडीवर घेतला. पण खरी गंमत पुढे आहे. मामींना सगळे अभंग येतात ते तुमच्या तालमी आतून ऐकून. त्या स्वयंपाकघरात आणि तुम्ही ओसरीवर, त्यामुळे जे जे कानावर पडलं ते ते त्यांनी जसंच्या तसं उचललेलं आहे, तुमच्यासकट. पहिल्या अभंगात वरची ओळ घेण्याआधी त्या तुमच्यासारख्या दोनदा खाकरल्या. आम्हाला वाटलं घसा बसला. मग दुसऱ्या ओळीच्या शेवटी, चाल न मोडता, त्या म्हणाल्या, 'स्वप्नील, लय धर रे.' आता स्वप्नील तेव्हा इब्रामपुरात झोपला होता. पण मागच्या बायकांना काय माहीत. त्यांनी टाळ वाजवून दोनदा म्हटलं, 'लय धर रे, लय धर रे.' गोड वाटलं ते. मी सांगते, त्या दुपारचं सगळ्यांत चांगलं रंगलेलं ते ध्रुवपद. मामी मात्र डोळे मिटून होत्या, त्यांना पत्ताच नाही. पुढे एके ठिकाणी 'चहा खंय पावलो' असंही आलं, आणि तेही आम्ही मोठ्या भक्तीने आळवलं.

आणखी एक. मामींना कुठल्याच अभंगाचा शेवट येत नाही. असं कसं, तर दुसऱ्या कडव्यानंतर तुम्ही चहा मागता, चहाची चूल बाहेरच्या बाजूला, तिथपर्यंत आवाज पोचत नाही, आणि चहा घेऊन येईपर्यंत तुमचा पुढचा सुरू झालेला असतो. तेव्हा त्यांच्याकडे सुरुवातींचा मोठा साठा आहे आणि शेवट एकही नाही. त्या दुपारी देवाने नुसत्या सुरुवाती ऐकल्या. पण सुरुवाती तरी किती पुरणार. त्या संपल्या तशा मामी क्षणभर नुसता सूर धरून राहिल्या, आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि मग त्यांनी धालोतलं एक गाणं उचललं, त्यांच्या आईच्या गावचं, ओवीच्या चालीचं. ते कोणी कधी देवळाच्या आत म्हटलेलं नव्हतं. ते मात्र त्यांना शेवटपर्यंत येत होतं. त्यात कोणी खाकरलं नाही, लय कोणाला धरायला सांगावी लागली नाही. आजूबाजूच्या घरांतल्या म्हाताऱ्या ते ऐकून झोपेतून उठल्या आणि विस्कटलेल्या केसांनीच आत येऊन बसल्या. मी रडले वगैरे नाही. पण समईत तेल घालायचं माझं काम, ते त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी घातलं.

मग दत्तप्रसादबाब आले. झोपेने एका गालावर उशीची नक्षी उमटलेली, आणि बघतात तर समईसमोर बायका, मध्ये इब्रामपूरच्या बुवांची बायको. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बंद करा म्हणावं तर सूर तुटतो आणि सप्ता मोडतो, चालू ठेवा म्हणावं तर रीत मोडते. अध्यक्षाला असा प्रसंग येऊ नये. ते उंबऱ्याशी एक पाय आत आणि एक बाहेर असे बराच वेळ उभे राहिले, आणि शेवटी मला खुणेने म्हणाले की चहा आहे का. चहा नव्हता. (पहिल्या वर्षीच्या आकड्याप्रमाणे तो सकाळीच संपला होता.) तेव्हा ते खाली बसले आणि कोपऱ्यातला टाळ उचलून वाजवू लागले. चुकीचा, पण वाजवत होते. पुढच्या मंडळाने येऊन ओळ घेईपर्यंत मामी हलल्या नाहीत. उठल्या तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, आम्ही दोघींनी धरून पडवीत आणलं. तिथे बसल्यावर त्यांनी काय केलं असेल तर अर्धवट राहिलेला टोप पुढे ओढला.

नंतर संध्याकाळी तुम्ही आलात, ते तर तुमच्यासमोरच झालं. दोन मंडळं, एक समई. शंभूबुवांनी तुम्हाला बघून आवाज चढवला आणि तुम्ही उंबऱ्यातूनच त्यांच्यावर दुसरा अभंग सुरू केलात, दुसऱ्याच तालात, आणि देवाला कोणता कान कुणाकडे करावा ते कळेना. दत्तप्रसादबाबनी मधला मार्ग काढला की एक ओळ तुमची आणि एक त्यांची, तो मार्ग मधला असेल तर फक्त त्यांच्याच डोक्यात. तुम्ही पेटी उचललीत, प्रसादही न घेता पिकअपमध्ये जाऊन बसलात आणि मामींना हाक मारलीत. त्यांचे हात ओले होते. स्वप्नील सांगत होता की परतीच्या वाटेवर तुम्ही सगळ्या पिकअपला ऐकवत होता, 'सर्वणचा सप्ता आता राहिला नाही, दुपारी म्हणे रांधपातल्या बायकांनी आरडाओरड करून वेळ मारून नेली.' मामी मागे पेटी धरून बसल्या होत्या. त्यांनी घरी येऊनही काही सांगितलं नाही, आणि मला सांगू नको असंही म्हटलेलं नाही. तेव्हा मी सांगते आहे. त्या आरडाओरड करणाऱ्या बायकांत बुवा कोण होतं ते तुम्हाला आता कळलं.

पुढच्या रविवारी कमिटी बसली. सप्ता मोडला की नाही मोडला, यावर. एकाने म्हटलं बायका बसल्या म्हणजे मोडला. दुसऱ्याने विचारलं कुठे लिहिलंय. भटजींना विचारलं, ते म्हणाले देवाची काही तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही. शेवटी देवळाशेजारी राहणाऱ्या बाबलीआजोबांची साक्ष काढली. त्यांची ख्याती अशी की कर्णा त्यांच्या जनेलाच्या गजांना लागून असल्यामुळे भजन चालू असेपर्यंत ते झोपतात आणि बंद पडलं की दचकून उठतात. ते म्हणाले की दुपारभर डोळा उघडला नाही, "हांव सगळो दनपार न्हिदलां." झालं. सूर तुटला नाही हे सिद्ध झालं. मग उठताना दत्तप्रसादबाबनी दर वर्षीप्रमाणे ठराव मांडला की पुढच्या वर्षी यंदासारखंच करायचं. सगळं ना, असं मी दारातून विचारलं. सगळंच, असं ते म्हणाले, आणि जावयांनी सुरेख सही केली. त्याच संध्याकाळी मी यंदाच्या चिठ्ठीवर उजवं बटण दाबलं, चौकटीत खूण केली, आणि कंसातला आकडा काढून नीट नाव दिलं 'सप्ता २६'. दिवेलागणीला इब्रामपूर भजनी मंडळ, तुम्ही एकटेच, धारगळकरांना सकाळ दिली आहे. दुपारी सर्वण-इब्रामपूर महिला मंडळ, बुवा सौ. कमल, म्हणजे आपल्या मामी. जावयांना त्यात खोट सापडली नाही. त्याची प्रत मात्र काढली.

तर मामा, आमची चूक पदरात घ्या. राग जेवढा उरला असेल तेवढा शंभूबुवांवर काढा, माझ्यावरचा लोभ तेवढा आहे तसा असू द्या.

तुमची भाची,
सुमंगला

ता. क. पत्र स्वप्नीलच्या हाती देत आहे. सोबत तुमच्या वाटचा प्रसाद म्हणून खाजं आहे. पुडी जड आहे. ती हलकी होऊन पोचली तर समजावं की त्याच्या पोटात खरोखरच काही राहतं.

ता. क. आमच्या मंडळात आता बऱ्याच जणी झाल्या आहेत. सुरुवाती सगळ्यांना पाठ आहेत. शेवट कोणाकडे नाहीत. ते सगळे तुमच्याकडे पडून आहेत. माफी मागायची होतीच, पण पत्र खरं म्हणजे यासाठी.

ता. क. मामींच्या दातांचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय असं ऐकलं. सप्त्यापासून दर गुरुवारी त्या डिचोलीला दातांच्या डॉक्टरकडे येतात, आणि परत येईपर्यंत तुम्ही गुडघा धरून चुलीशी उभं राहून त्यांच्यासाठी मऊ भात करून ठेवता. हे ऐकल्यापासून मला तुम्हाला फसवत राहणं जमेना. मामींचे दात ठणठणीत आहेत. त्या गुरुवारी आमच्या ओसरीवर असतात आणि तालीम झाली की मुठीने चणे खातात. येत्या गुरुवारी त्यांना एकटीला पाठवू नका. अस्नोड्याला बस बदलावी लागते, आणि पेटी त्यांना उचलवत नाही.